वाळलेल्या रोपाचा टपालप्रवास

श्रावणात वऱ्हाडात धुऱ्याधुऱ्यावर कळलावी फुलते. बोरी-बाभळीच्या आधारानं वर चढते. तिच्या पानाचं टोकच लांबत जाऊन वेटोळं घेतं आणि शेजारची काटकी पकडतं. उमलताना हिरवट-पिवळ्या असलेल्या पाकळ्या दोन-चार दिवसांत लालभडक होतात. वावरात जाणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखू येते, तिचा कंद विषारी असतो हेही ठाऊक असतं. तरीही ‘अकोला जिल्ह्यात कळलावी आढळते’ हे साधं विधान वनस्पतिशास्त्र नुसत्या शब्दावर मान्य करत नाही. ते पुरावा मागतं. कुणीतरी त्या वेलीची फुलासकट फांदी खुडायची, दाबून वाळवायची, जाड कागदावर लावायची, कुठं, कधी आणि कुणी गोळा केली ते लिहून कपाटात ठेवायची. मग ते विधान उभं राहतं. त्याच वेलीची दुसरी फांदी टपालानं दूरच्या कपाटात पोचली, की ते पक्कं होतं.

अशी कपाटं असलेल्या जागेला हर्बेरियम म्हणतात. आज जगात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत आणि त्यांत मिळून सुमारे ४० कोटी वाळवलेले नमुने आहेत. प्रत्येक हर्बेरियमला एक आखूड संज्ञा असते. लंडनजवळच्या क्यू उद्यानाची ‘के’, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमची ‘बीएलएटी’, कोलकात्याच्या राष्ट्रीय संग्रहाची ‘सीएएल’, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेची ‘डीडी’, पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाची ‘बीएसआय’. शोधनिबंधात एखाद्या रोपाच्या नावापुढं या संज्ञा छापलेल्या दिसल्या, की त्या रोपाचे तुकडे कुठं कुठं जपलेले आहेत ते कळतं. मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट ही, की या ४० कोटींतला फार मोठा हिस्सा पैसे मोजून जमलेला नाही. तो अदलाबदलीनं जमला. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकमेकांना टपालानं रोपं पाठवली, त्यातून जमला.

एकच क्रमांक, सहा तुकडे

हा प्रवास सुरू होतो रानात. समजा मेळघाटच्या पायथ्याशी कुणी संशोधक कळलावीपाशी थांबला आहे. तो एकच फांदी घेत नाही. वेलींची संख्या भरपूर असेल, तर त्याच जागच्या, त्याच दिवशीच्या पाच-सहा फांद्या घेतो आणि सगळ्यांना एकच क्रमांक देतो. हा त्याचा स्वतःचा संकलन क्रमांक. आयुष्यातलं पहिलं रोप म्हणजे १, दुसरं म्हणजे २, असा तो चढत जातो आणि पुन्हा कधीच वापरला जात नाही. समजा आज तो ५१२ वर आहे. ५१२ क्रमांकाच्या त्या सगळ्या फांद्या उद्या कुठंही गेल्या, तरी शंभर वर्षांनीही एकमेकींच्या बहिणी म्हणून ओळखता येतील.

मग दाबण्याचं काम. वर्तमानपत्राच्या घडीत फांदी पसरायची. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे खालची बाजूही दिसेल. एक फूल उघडून पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोकळे करायचे. कळलावीचा स्त्रीकेसर देठाशी काटकोनात वळलेला असतो, ते वळण चेपताना बिघडू द्यायचं नाही. कंद जाड असतो, म्हणून तो उभा चिरून पातळ करायचा. वर टिपकागद, पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा टिपकागद, आणि हा सगळा थर लाकडी पट्ट्यांच्या प्रेसमध्ये पट्ट्यानं आवळायचा. उन्हाळ्यात वऱ्हाडच्या कोरड्या हवेत रोप भराभर वाळतं. पण बहुतेक रोपं फुलतात पावसाळ्यात, आणि चिखलदऱ्याच्या धुक्यात ओला कागद रोजच्या रोज बदलला नाही, तर बुरशी धरते, पानं काळी पडून गळतात. म्हणून रात्री कंदिलाच्या उजेडात कागद बदलत बसणं हे पूर्वी या कामातलं सगळ्यात चिकाटीचं काम असे.

वाळताना रंग उडतो आणि वास जातो. उंची, खोडाची साल, चीक निघतो की नाही, हेही कागदावर उरत नाही. म्हणून ते सगळं वहीत लिहायचं. पाकळ्यांचा रंग कसा बदलला, जमीन काळी की मुरमाड, शेजारी कुठली झाडं होती, गावात काय नाव आहे, तिथले कोरकू आदिवासी काय म्हणतात. चिखलदऱ्याच्या कड्यांवर वाढणारी रानकेळ घेतली, तर ही वही आणखी मोलाची ठरते. तिचं एक पानच माणसाच्या उंचीचं, आणि हर्बेरियमचा कागद आपल्याकडं साधारण ४२ सेंटीमीटर लांब आणि २८ सेंटीमीटर रुंद. पानाचा टोकाकडचा, मधला आणि देठाकडचा तुकडा तेवढा कागदावर येतो. बाकी अख्खी रानकेळ शब्दांत आणि मापांत सांगावी लागते.

पूर्ण वाळलेलं रोप पातळ, हलकं आणि सपाट असतं. मासा स्पिरिटच्या बाटलीत ठेवावा लागतो, प्राण्याच्या कातड्यात भुसा भरावा लागतो, खडक जड असतात. वाळलेलं रोप मात्र लिफाफ्यात मावतं. टपालानं पाठवण्यासाठीच ते घडलं असावं, इतकं सोयीचं.

उसनवारीचा हिशेब

सहांपैकी एक तुकडा संशोधकाच्या आपल्या हर्बेरियमसाठी. उरलेले डुप्लिकेट. ते प्रवासाला निघतात, आणि त्यांच्या प्रवासाच्या तीन रीती आहेत.

पहिली ओळख पटवण्यासाठी. गवतांचा जाणकार एका शहरात असतो, ऑर्किडचा दुसऱ्या. त्याला डुप्लिकेट पाठवायचा, तो नाव कळवतो आणि तुकडा आपल्याकडं ठेवून घेतो. तीच त्याची फी. दुसरी रीत कर्जाऊ. जुने, मोलाचे नमुने एक संस्था दुसऱ्या संस्थेला अभ्यासासाठी पाठवते, काम झालं की ते परत येतात. तिसरी रीत म्हणजे खरी अदलाबदल. तुम्ही आमच्याकडची शंभर रोपं घ्या, तुमच्याकडची शंभर आम्हाला द्या. शेजारणी एकमेकींकडून वाटीभर साखर नेतात आणि दोघींच्याही लक्षात हिशेब असतो, तसा इथं दोन्ही बाजूंच्या वह्यांत जमा-नावे मांडलेलं असतं. कधी फेड वर्षभरात होते, कधी त्याला वीस वर्षं लागतात. पण बाकी विसरली जात नाही.

पाठवताना डुप्लिकेट बहुधा कागदावर चिकटवलेला नसतो. वाळवताना वापरलेल्या वर्तमानपत्रातच तो लेबलासकट ठेवतात, असे पंचवीस-पन्नास थर दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधतात, भोवती प्लास्टिक, मग खोका. बांधणी सैल राहिली तर आतलं रोप हलतं आणि पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. ‘वाळलेले वनस्पती नमुने, शास्त्रीय अभ्यासासाठी, व्यापारी किंमत नाही’ अशा अर्थाचं वाक्य वर लिहिलेलं असतं. पोचल्यावर पहिले काही दिवस पार्सल उणे वीस अंशांच्या किंवा त्याहूनही थंड फ्रीझरमध्ये जातं, कारण वाळलेल्या रोपांवर ताव मारणारे किडे एका पार्सलातून सगळ्या कपाटांत पसरू शकतात. पूर्वी त्यासाठी रोपांना रसकापराचं विषारी द्रावण लावत. जुने नमुने हाताळताना आजही त्यामुळं काळजी घ्यावी लागते.

ही पद्धत एका दिवसात उभी राहिली नाही. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी या अध्यापकानं रोपं दाबून कागदावर चिकटवायला सुरुवात केली असं मानतात. सुरुवातीला अशा कागदांचे जाड ग्रंथ बांधत. अठराव्या शतकात कार्ल लिनिअसनं आपली शीटं, म्हणजे रोप लावलेले कागद, सुटी ठेवली. हा साधा वाटणारा बदल फार मोठा होता. सुटं शीट कपाटातून काढता येतं, दुसऱ्याशेजारी मांडता येतं, नवं आलं की मध्ये घालता येतं. लिनिअसचा शिष्य योहान कोनिग १७६८ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला आला आणि तिथून त्यानं आपल्या गुरूला रोपं पाठवली. १८१९ मध्ये प्रागमध्ये फिलिप ओपिझनं रोपांच्या अदलाबदलीसाठी एक संस्थाच काढली. सभासदांनी रोपं पाठवायची आणि बदल्यात दुसऱ्यांची घ्यायची. १८२८ मध्ये कलकत्त्याच्या उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिच यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडं साठलेला प्रचंड संग्रह लंडनला नेला, त्याची सुमारे ९,००० क्रमांकांची यादी केली आणि डुप्लिकेट युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासकांना वाटून टाकले. भारतीय रोपांची ही पहिली मोठी पांगापांग. १८७४ मध्ये बर्नला जागतिक टपाल संघटना स्थापन झाली, १८७६ मध्ये हिंदुस्थान तिच्यात सामील झाला, आणि देशोदेशींच्या टपालाचे दर आणि नियम एका चाकोरीत आले. प्राध्यापकाला पुढं जहाजाच्या कप्तानाची मिनतवारी करायची गरज उरली नाही, पोस्टात जाऊन पार्सल देणं पुरेसं झालं.

एवढी पांगापांग कशासाठी, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर दुसऱ्या महायुद्धानं दिलं. १ मार्च १९४३ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात बर्लिनच्या डाहलेममधलं हर्बेरियम जळालं. लाखो नमुने गेले. त्यांत हजारो टाइप होते. टाइप म्हणजे एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव देताना आधार धरलेला मूळ नमुना. त्या नावाचा अर्थ त्या एका वाळलेल्या फांदीशी कायमचा जोडलेला असतो. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत फिलिपाइन्सचं राष्ट्रीय हर्बेरियमही बेचिराख झालं. पण तिथं वनस्पतिशास्त्रज्ञ एल्मर मेरिल यांनी आधीच्या दशकांत डुप्लिकेट उदार हातानं जगभर पाठवले होते. मनिलात जे जळालं, त्याच्या बहिणी इतर देशांत शाबूत होत्या. देऊन टाकलेलं तेवढंच उरलं.

दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत वऱ्हाड

आता अमरावती-अकोल्याकडं येऊ. आपल्या भागातल्या रोपांचा इतिहास शोधायला जुने ग्रंथ उघडले, की एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. महाराष्ट्रातल्या वनस्पतींचा आधारग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णनासकट सूची. कुक मूळचे अभियंते, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. निवृत्तीनंतर इंग्लंडला परतून, मुंबई इलाख्यातून आलेल्या नमुन्यांच्या आधारावर त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोकण त्यात आहे, दख्खन आहे, गुजरात आहे, सिंधसुद्धा आहे. खानदेशही आहे. आणि खानदेशाच्या पूर्व सीमेवर पुस्तक थांबतं. कारण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं. १८५३ पासून ते निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात दिलेला मुलूख होतं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं.

सातपुड्याला या सीमेची काय कल्पना? डोंगर तोच, साग तोच, सालई-धावडा तेच. बियांनी आणि पाखरांनी ती रेषा कधी मानली नाही. पण पुस्तकं सरकारी नकाशाप्रमाणं लिहिली जात, त्यामुळं मेळघाट आणि पयनघाट दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत राहिले. १८९७ मध्ये पूर्ण झालेला जोसेफ हूकर यांचा सात खंडांचा अखिल हिंदुस्थानचा फ्लोरा होता, पण एवढ्या मोठ्या देशात एका जिल्ह्याला मिळून मिळून किती जागा मिळणार? १९१६ मध्ये वनखात्यातले डी. ओ. विट यांनी मध्य प्रांताच्या उत्तर आणि वऱ्हाड वनविभागांतल्या झाडं-झुडपं-वेलींची यादी छापली. ती वनाधिकाऱ्याच्या गरजेची होती. धुऱ्यावरच्या आणि नाल्याकाठच्या गवतांना, बोटभर उंचीच्या पावसाळी रोपांना आणखी वाट पाहावी लागली.

ही फट पुढं भरली ती पार्सलांनी आणि शीटांनी. १९५४ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना झाली आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याचा पश्चिम विभाग सुरू झाला. १९६८ मध्ये आर. आय. पटेल यांचा मेळघाटच्या वनवृक्षांवरचा ग्रंथ आला. १९८८ मध्ये दोन ग्रंथ आले: एस. वाय. कांबळे आणि एस. जी. प्रधान यांचा अकोला जिल्ह्याचा फ्लोरा, आणि ढोरे व जोशी यांचा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा. १९९९ मध्ये भोगावकर आणि देवरकर यांनी मेळघाटच्या वनस्पतींचा पुन्हा आढावा घेतला. त्याच सुमारास, १९९६ ते २००१ या काळात, सर्वेक्षणानं अख्ख्या महाराष्ट्राचा फ्लोरा तीन खंडांत काढला, आणि कुक यांच्या पुस्तकात नसलेलं वऱ्हाड अखेर कोकणाच्या शेजारी येऊन बसलं. अकोल्याचा ग्रंथ निघाला तेव्हा वाशीम वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९८ मध्ये झाला. म्हणजे वाशीमची रोपं आजही अकोल्याच्या पुस्तकात शोधावी लागतात. सीमा पुन्हा बदलली, शीटवरचं गावाचं नाव मात्र बदललं नाही.

या ग्रंथांतली एकेक ओळ लिहिण्यामागं काय असतं ते पाहा. बाळापूरच्या रानात मिळालेलं बारीक गवत ओळखायचं, तर ते टाइपशी किंवा टाइपवरून तपासलेल्या नमुन्याशी ताडून पाहावं लागतं. तो कोलकात्यात असेल, डेहराडूनला असेल, अनेकदा क्यूमध्ये असतो, कारण दोनशे वर्षं इथली रोपं तिकडंच गेली. म्हणून भारत सरकारनं दशकानुदशकं आपला एक वनस्पतिशास्त्रज्ञ क्यूमध्ये नेमलेला असे. भारतातून आलेल्या रोपांच्या तुकड्यांची तिथल्या मूळ नमुन्यांशी तुलना करायची आणि निकाल कळवायचा, हेच त्याचं काम. इथल्या अभ्यासकाला विलायतेचं तिकीट परवडत नसे. त्याचं रोप मात्र जाऊन यायचं.

सफेद मुसळीचं उदाहरण घ्या. अकोट-अंजनगाव पट्ट्यात शेतकऱ्यांनी ती लावली, मेळघाटच्या जंगलातूनही तिच्या मुळ्या गोळा होत आल्या. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. यातलं बोरिविली म्हणजे मुंबईची बोरिवली. १९५० च्या दशकाच्या मध्याला ब्लॅटर हर्बेरियममधले स्पॅनिश धर्मगुरू-शास्त्रज्ञ हर्मेनेगिल्ड सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस यांनी ही जात नवी म्हणून मांडली. मुसळी या नावानं बाजारात याच प्रजातीतल्या इतर जातींच्या मुळ्याही येतात, आणि वाळून सोललेल्या मुळीवरून भेद कळणं अवघड. अंजनगावच्या वावरातली मुसळी खरी कुठली, हा वाद अखेर फुला-पानांसकट जपलेल्या शीटापाशीच येऊन मिटतो.

कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या

हर्बेरियमच्या शीटवर मला सगळ्यात लोभावणारी जागा म्हणजे उजवीकडचा खालचा कोपरा. तिथं मूळ लेबल असतं. ते कुणी खोडत नाही, दुरुस्त करत नाही. नंतरच्या अभ्यासकाला नाव चुकीचं वाटलं, तर तो स्वतःचं मत, सही आणि वर्ष लिहून छोटी चिठ्ठी शेजारी चिकटवतो. पन्नास वर्षांनी तिसरा येतो, तो आपली लावतो. एकाच शीटवर अशा चार-पाच चिठ्ठ्या आढळतात. त्या लिहिणारी माणसं वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या शतकांतली, आणि सगळी एकाच फांदीविषयी बोलत असतात. आधीच्याचा शब्द जपून त्याच्याशी असहमत होण्याची याहून सभ्य रीत मला माहीत नाही.

पण चिठ्ठी एका कपाटात लागते, बहीण दुसऱ्या कपाटात राहते. इथं या पद्धतीची मोठी उणीव दिसते. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड आणि एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी आशियातल्या डिप्टेरोकार्प कुळातल्या, म्हणजे सालवृक्षाच्या कुळातल्या, नमुन्यांची छाननी केली. एकाच क्रमांकाचे डुप्लिकेट वेगवेगळ्या हर्बेरियममध्ये कोणत्या नावानं ठेवले आहेत ते त्यांनी जुळवून पाहिलं. सुमारे २९ टक्के ठिकाणी नावं जुळली नाहीत. एकाच झाडाच्या फांद्या, पण इथं एक नाव आणि तिथं दुसरं! गंमत अशी, की ही चूक पकडता आली तीसुद्धा डुप्लिकेट पाठवले गेले होते म्हणूनच. एकच तुकडा एकाच कपाटात असता, तर त्यावरचं चुकीचं नाव खरं म्हणूनच चालत राहिलं असतं.

आणि पुष्कळ रोपं अशी, की कपाटात पोचूनही त्यांना नाव मिळायला पिढ्या जातात. २०१० मधल्या एका अभ्यासात दिसलं, की फुलझाडांच्या नव्या जातींपैकी केवळ १६ टक्के जाती गोळा केल्यापासून पाच वर्षांत जाहीर होतात. सुमारे एक चतुर्थांश जातींच्या बाबतीत आधारभूत नमुना पन्नास वर्षांहून जुना असतो. म्हणजे पुढच्या नव्या जातीच्या शोधासाठी माणसाला जंगलात जावं लागेलच असं नाही. तो शोध आत्ता एखाद्या कपाटात, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत, पार्सल सुटण्याची वाट पाहत असेल.

गोळा करणाऱ्याला न सुचलेले प्रश्न

गाजरगवत आज वऱ्हाडात रेल्वेच्या कडेला, पडीक वावरात, गावठाणात सगळीकडं आहे. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आलं, असं घरोघरी सांगतात. १९५१ मध्ये प्रा. परांजपे यांना ते पुण्यात दिसलं आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी भारतातली नवी नोंद म्हणून ते जाहीर केलं. पण पुढं डेहराडूनच्या कपाटात डिट्रिख ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला या रोपाचा नमुना सापडला. ब्रँडिस हे हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख. गव्हाबरोबर नवं बी आलं नसेल असं या एका शीटवरून म्हणता येत नाही. मात्र गाजरगवताचं पाऊल या देशात त्या गव्हाच्या किमान सत्तर वर्षं आधी पडलं होतं, हे त्या वाळक्या फांदीनं सांगितलं.

केंब्रिजच्या हर्बेरियममधली दोनशे वर्षांतली झाडांची पानं वनस्पतिशास्त्रज्ञ इयान वुडवर्ड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पानावरची श्वसनछिद्रं जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाली होती. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी झाडांना कमी छिद्रं पुरू लागली, हे त्यांनी १९८७ मध्ये मांडलं. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडणाऱ्या बटाट्याच्या करप्याची रोगट पानं क्यू आणि म्युनिकला जपलेली होती. २०१३ मध्ये त्यांतून रोगकारकाचा डीएनए वाचला गेला आणि त्या वाणाचा माग लागला. आणि हे ऐका: १७९३ मध्ये चीनमधून आणलेल्या, आपल्या शिरीषाच्या नात्यातल्या एका झाडाच्या बिया लंडनच्या संग्रहालयात शीटवर होत्या. १९४० मध्ये बॉम्बमुळं लागलेली आग विझवताना त्या भिजल्या आणि १४७ वर्षांनी रुजल्या!

ब्रँडिस यांनी गाजरगवत दाबलं तेव्हा ते गवत एक दिवस देशाचं संकट होईल हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. बटाट्याचं पान जपणाऱ्याला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी फक्त एक काम नेटानं केलं: रोप नीट वाळवलं, जागा आणि तारीख लिहिली, आणि ते सांभाळणाऱ्याच्या हाती दिलं.

अडलेलं पार्सल

आता हा प्रवास पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही, आणि त्याला कारणं आहेत. वसाहतकाळात रोपं गेली, त्यांच्याबरोबर ज्ञानाची मालकीही गेली, हा अनुभव आपल्या देशाला आहे. म्हणून २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं परदेशी जाणाऱ्या नमुन्यांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची शिस्त लावली. मेळघाटसारख्या व्याघ्र प्रकल्पात पान खुडायलाही वनखात्याची परवानगी लागते. सगळी ऑर्किडं दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, वाळवलेली असली तरीही. नोंदणी झालेल्या शास्त्रीय संस्थांना आपापसांत देवघेवीसाठी त्यात सवलत आहे, पण खोक्यावर ठरलेलं लेबल हवंच.

कागद अपुरे पडले तर काय होतं ते २०१७ मध्ये जगानं पाहिलं. पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयानं ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या हर्बेरियमला सूर्यफुलाच्या कुळातले १०५ नमुने कर्जाऊ पाठवले होते. एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले, त्यांत टाइपही होते. कागदपत्रांतल्या त्रुटींमुळं ते सीमेवरच्या तपासणीत अडकले आणि जाळून टाकण्यात आले. दोन महायुद्धांतून वाचलेली रोपं एका अर्जापायी गेली. त्यानंतर काही संस्थांनी ऑस्ट्रेलियाला नमुने पाठवणंच थांबवलं.

छायाचित्रांनी आता पुष्कळ काम सोपं केलं आहे. १ जुलै २०२२ रोजी भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं आपलं आभासी हर्बेरियम खुलं केलं. अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेतल्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ज्या टाइपसाठी पूर्वी महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागला असता, तो आता मोबाइलवर दिसू शकतो. पण छायाचित्रातून श्वसनछिद्रं मोजता येत नाहीत, डीएनए काढता येत नाही, पाकळी भिजवून उलगडता येत नाही. त्यासाठी खरी फांदीच हवी, आणि ती एकाहून अधिक ठिकाणी हवी.

१९८८ नंतरचं वऱ्हाड आता दुसरंच आहे. पऱ्हाटीच्या वावरांत सोयाबीन आलं, नाल्यांवर बंधारे झाले, माळरानं नांगराखाली गेली. अकोल्याच्या फ्लोराला आधार असलेल्या शीटांवर जागा आणि तारखा लिहिलेल्या आहेत. त्या जागी त्याच महिन्यात पुन्हा जाता येतं. त्या वेळी होतं ते आज आहे का, नवं काय शिरलं, फुलण्याचा महिना सरकला का, हे तिथं उभं राहून तपासता येतं. आपल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राची मुलं दर पावसाळ्यात रोपं दाबतात. गुण मिळाले की ती शीटं बहुधा कोपऱ्यात पडतात. त्याच मुलांनी अंगणातल्या जास्वंदीऐवजी जुन्या लेबलावरचं एक गाव निवडलं, भरपूर असलेल्या रोपांच्या एकाऐवजी तीन फांद्या घेतल्या, क्रमांक आणि जागा नीट लिहिली, आणि एक आपल्या विभागात ठेवून दोन पुण्या-मुंबईच्या हर्बेरियमकडं, त्यांना विचारून, पाठवल्या, तर वऱ्हाडाची पुढची नोंद वऱ्हाडातूनच सुरू होईल. त्यासाठी लागतं ते एवढंच: वर्तमानपत्रं, टिपकागद, सुवाच्य अक्षर आणि पार्सलाचा खर्च. कुक यांच्या पुस्तकानं आपल्याला सीमेबाहेर ठेवलं होतं. आपल्या रोपांना आपल्याच कपाटांबाहेर ठेवण्याचं आज कुठलंही कारण उरलेलं नाही.